कंबोडियाच्या देवीला लावलेलं कुंकू

म्युझियमच्या गार्डनं माझं मनगट धरलं तेव्हा कुंकू माझ्या बोटाला होतं आणि देवीच्या कपाळावरही. कुठंतरी बारीक शिट्टीसारखं वाजत होतं. माझी नात रेवा दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आली. म्हणाली, "आजी, डोन्ट मूव्ह. काही पुसू नकोस." मी तोवर पदरानं पुसलं होतं. त्यानं ते जास्तच पसरलं.

अक्का, हे तुम्हाला लिहितेय, कारण कुंकू तुमचं होतं. मी गाव सोडलं त्या दिवशी गाडी बाहेर उभी होती आणि तुम्ही भगवतीच्या देवळातून पुडी आणून माझ्या, धाकट्या जावेच्या, हातात कोंबलीत. म्हणालात, "तिकडं देवी भेटली तर माझ्या नावानं लाव. विसरशील मेली." घरातल्या देवांचं सगळं तुमच्या गळ्यात घालून मी मुलाच्या गाडीत बसले. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काय, गाडी थांबली नसती.

इथं अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला मंदिर आहे, पण तिथले देव नवे, संगमरवरी, चकचकीत. मला ते ओळखीचे वाटत नाहीत. पुडी पर्समध्येच राहिली.

रेवा कॉलेजात आहे. तिला जुन्या मूर्ती जपायचं शिकायचंय. तिचा बाप म्हणतो, "दगडांत कसलं करिअर? कॉम्प्युटर घे." भांडून भांडून तिनं या उन्हाळ्यात म्युझियममध्ये काम मिळवलं, लोकांना हिंडवून माहिती सांगायचं. इथं नीट काम केलं तर पुढं मूर्ती दुरुस्त करतात त्या खोलीत घेणार होते. तिचा सगळा जीव त्या खोलीत. मला हौसेनं घेऊन गेली.

तिथं कंबोडियातल्या ख्मेर लोकांचं सगळं मांडलंय. आधी त्यांच्या मोठ्या तळ्याचे, भाताच्या खाचरांचे फोटो, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या. ते बघून मला बरं वाटलं. आपल्या खाडीवरच्या टोपल्या निराळ्या काय असतात? मग मूर्ती. रेवा म्हणाली, "आजी, ही उमा. आपलीच देवी, पण हजार वर्षांपूर्वी त्यांनी घडवलेली." कमरेला निऱ्या अगदी आपल्यासारख्या. हात तुटलेले. मी पायांवर डोकं ठेवायला वाकले तर पायच नाहीत. रेवानं सांगितलं, चोरांनी घोट्याशी कापून नेली, पाय तिकडं देवळातच राहिले. एवढं सांगून ती दुसऱ्या लोकांना माहिती द्यायला गेली.

भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत. हे गेल्यापासून मी स्वतः कुंकू लावत नाही. पण तिचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं, कितीतरी वर्षांचं. आपल्या भगवतीचं नाक लोकांच्या हातांनी झिजलं, तरी कुणी कुणाचा हात धरला नाही. मी बोट जिभेला लावून ओलं केलं, पुडीत बुडवलं आणि लावलं. वालुकाश्म की काय म्हणतात तो दगड, पाणी पितो. रंग आत उतरला.

रेवाची साहेबीण आली. तिनं विचारलं, ही बाई तुझ्याबरोबर आहे का? एवढं इंग्रजी मला कळतं. रेवाला 'नाही' म्हणता आलं असतं. तिथं माझ्यासारख्या साडीतल्या आणखी दोघी होत्या. रेवा म्हणाली, "शी इज माय ग्रँडमदर. आय ब्रॉट हर."

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, ते मंदिर नाही. किती वेळा सांगायचं?" एकदाही सांगितलं नव्हतं. मग म्युझियमचा ईमेल आला. डाग बराचसा निघाला, सगळा नाही. रेवाला आता येऊ नकोस म्हणाले. मुलगा तिला म्हणाला, "जाऊ दे गं. आता तरी कॉम्प्युटरचा फॉर्म भर." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं, ते मला जास्त लागलं. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. त्यानं काय होणार होतं?

तुम्ही फोनवर विचारता, तिथं घरासारखं वाटतं का? गावचं घर तुमच्या नावावर चालतं, तिथं मी पाहुणी. इथं माझी खोली आहे, गादी आहे, आणि समोरच्या खोलीत ती पोर आहे. सकाळी मला चहा आणून देते, "इट्स ओके, आजी" म्हणते. तिनं फॉर्म भरलाय. एकदा माझ्यावर आरडाओरडा केला असता तर मला हे घर आपलं वाटलं असतं. ज्याला आपण तोंडावर बोलतो तोच घरचा.

गावात सांगाल, माझ्या जावेनं अमेरिकेत देवीला कुंकू लावलं. सांगू नका तसं. लावलं मी. भोगलं ते रेवानं, माझ्या मुलाच्या मुलीनं.