भट्टीवाली आपा आणि बिनपाण्याचा लाडू

आपा कुठल्याही पोराला "भूक लागली का?" असं कधी विचारत नसे. पोरांच्या तोंडावर तिचा विश्वासच नव्हता. पोर भट्टीजवळ आलं की ती त्याला मनगटाला धरून पुढे ओढायची, आणि कलिंगड पारखावं तसं दोन बोटांनी पोटावर टकटक वाजवायची. मान तिरकी, डोळे मिटलेले. आम्ही श्वास रोखून उभे. मग निकाल लागायचा, "रिकामं वाजून राह्यलं. बस." किंवा, क्वचित, "भरलंय. पळ, खेळ." मला तिनं हा दुसरा निकाल दिल्याचं आठवत नाही. घरून जेवून गेले तरी माझं पोट तिला रिकामंच ऐकू यायचं. आणि आता लपवायचं कशाला, ते असायचंच.

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत, आमच्या शाळेच्या वाटेवर तिची भट्टी होती. नवरा गेल्यावर तिनंच ती पुढे चालवली. कढईत तापलेली काळी वाळू, खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ आणि त्यामागे लाल डोळ्यांची, काटक आपा. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे बाप्येसुद्धा तिला आपाच म्हणत. लोक घरचे हरभरे, ज्वारी, शेंगा घेऊन यायचे आणि भाजून न्यायचे. भाजणावळ म्हणून प्रत्येकाच्या धान्यातली एक मूठ आपाची. ती मूठ एका मोठ्या डब्यात जायची. पाटलाचे हरभरे, कोष्ट्याची ज्वारी, मोमिनांच्या शेंगा, मांगवाड्यातले तीळ, सगळे त्या डब्यात एकमेकांच्या अंगावर पडून सुखानं नांदत. गावात तेवढी एकच जागा तशी होती.

तो डबा पोरांचा. नियम एकच होता, "ज्याची भूक त्याची मूठ." मी पहिल्यांदा मूठ भरली, खाल्ली आणि चोरट्या नजरेनं पुन्हा डब्याकडे पाहिलं. आपा म्हणाली, "बघती काय? मूठ तुझी हाय. किती बार घालायची ते मला कुठं मोजता येतंय?" तिला मोजता यायचं. चांगलं यायचं. भाजणावळीत कुणी चिमूट कमी दिली तर ती गल्लीभर ऐकवायची.

आता माझ्याविषयी. मी सात वर्षांची होते आणि जबर खायची. दोन भाकरींवर माझी सुरुवात व्हायची. मुलानं असं खाल्लं असतं तर त्याची दृष्ट काढली असती. माझ्यासाठी मोठ्या काकूनं वैदू आणला. मोठी काकू म्हणजे वडिलांची थोरली वहिनी. घराच्या किल्ल्या, भाकरीची टोपली आणि आमचे कान, तिन्ही गोष्टी तिच्या हातात. कितीही खाल्लं तरी पोटात जळून जातं, त्या रोगाला आमच्याकडे भस्म्या म्हणतात. काकूनं तो मला लावून टाकला. "शके, पोरीच्या जातीनं इतकं खाऊ न्हाई. उद्या सासरचे काय म्हणतील?" तिसरी भाकरी टोपलीत परत जायची. मी सासर नावाच्या त्या न पाहिलेल्या माणसांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या आहेत की पुढे खरं सासर मिळालं तेव्हा शिल्लक काही उरल्या नव्हत्या.

हे मी आपाला सांगितलं तेव्हा तिनं भट्टीत पऱ्हाट्यांचा भारा कोंबला. "बघ. जाळ कमी केला तं फुटाणा फुटन का? तू वाढून राह्यली, बेटा. ह्याला रोग म्हणणाऱ्याचं डोकं भाजाया आण, बराबर भाजून देते."

तेव्हा नुकते बाजारात पिवळे पोंगे आले होते, बोटात घालून खायचे. आपाला त्यांचा भयंकर राग. एक पोंगा तिनं माझ्यासमोर चुरडला आणि तळहात फुंकला. "गेला. ह्याच्यात होतं काय? हवा. हवेनं फुगा भरतो, पोट न्हाई." मग तिनं डब्यातलं सगळं दळलं, गुळाचा पाक केला आणि लिंबाएवढे लाडू वळले. हरभरा, ज्वारी, तीळ, शेंगदाणे. एक खाल्ला की पुढचे दोन तास मास्तरांचा पाढाही गोड लागायचा. मी तीन खायची. पाढ्याचं काय झालं ते विचारू नका.

आणि तिथंच घात झाला. लाडवाची गोष्ट काकूच्या कानावर गेली. आपाचे फुटाणे आमच्या घरात सर्रास चालत. भट्टीतलं कोरडं कुणाच्याही हातचं चालतं, कोरड्याला विटाळ नाही, अशी रीत होती. पण पाकात पाणी! पाणी लागलं की रीत बदलली. काकू मला दंडाला धरून भर बाजारच्या दिवशी भट्टीवर घेऊन गेली.

"आपा, तुझं कोरडं आम्ही कधी न्हाई म्हणलो का? पण पाण्याचं पोरीला चारती? आजपासून हिचं इथं येणंच बंद."

दिवसभरात एकच जागा होती जिथं मला कुणी 'बास' म्हणत नसे, आणि ती चालली होती.

आपा भांडेल असं सगळ्यांना वाटलं. गिऱ्हाइकं सरसावून उभी राहिली. आपा उठली, कोपऱ्यातली तिची पिण्याची घागर उचलली, रस्त्यावर आली आणि सगळ्यांदेखत ती पालथी केली. चैत्राचं ऊन, गावात चार दिवसांनी नळ, आणि हिनं भट्टीपुढे बसून प्यायचं दिवसभराचं पाणी मातीत ओतलं. मग रिकामी घागर काकूच्या पायाशी उपडी ठेवली.

"मोठ्या बाई, आता इथं पाण्याचा थेंब न्हाई. बिनपाण्याचा लाडू चालंल ना?"

"बिनपाण्याचा कसा वळंल?"

"ते मी बघते." तिनं उखळात शेंगदाणे, तीळ, डाळं, लाह्या टाकल्या, वर गुळाचा खडा. मुसळ उचललं आणि थांबली. कपाळावरून घाम ओघळत होता. तिनं मुसळ काकूपुढे धरलं. "माझ्या घामालाबी तुमी पाणीच म्हणताल. मंग तुमीच कुटा."

बाजार बघत होता. नाही म्हणावं तर हरली, हो म्हणावं तर आपाच्या उखळापाशी बसली. काकूनं पदर खोचला. पहिले दहा घाव तिनं रागानं घातले. विसाव्या घावाला शेंगदाण्याला तेल सुटलं, गूळ मऊ झाला आणि सगळं एकजीव व्हायला लागलं. काकूचा चेहरा बदलला. ती आता भांडत नव्हती, स्वैपाक करत होती. चिमूटभर जिभेवर ठेवून ती म्हणाली, "गूळ कमी पडला."

"घाला की," आपा म्हणाली.

लाडू वळला गेला. बिनपाण्याचा, तेलानं चकाकणारा, घट्ट. मी एक खाल्ला. दुसरा. तिसऱ्याला हात घातला तशी काकू सवयीनं म्हणाली, "पुरे."

आपानं माझ्या पोटावर दोन बोटं वाजवली. "पुरे म्हणायचा हक्क पोटाचा, मोठ्या बाई. तुमचा न्हाई, माझाबी न्हाई."

काकू मला घेऊन घरी आली. टेकलीसुद्धा नाही. पितळी तांब्या भरला, माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा, देऊन ये. तहानली असंल ती." मी पळत गेले. आपानं तांब्या वर धरून घटाघटा रिकामा केला, ओठ पुसले आणि डोळा मिचकावला. "काकूला इचार, आता पाणी चाललं का?" मी विचारलं नाही. मला कान प्रिय होते.

त्या दिवसापासून तिसरी भाकरी टोपलीत परत गेली नाही.

मी मोठी झाल्यावर एकदा आपाला छेडलं, "त्यांच्या विटाळाचं तू ऐकलंस कशाला?" ती हसली. "ऐकलं कुठं? नियम त्यांचा, लाडू माझा. तू अशी दांडगी झाली," आणि तिनं माझ्या भरलेल्या दंडावर चापट मारली, "मंग जिकलं कोण?"

पुढे पुड्यांनी बाजार भरला आणि भाजायला येणारी धान्याची गाठोडी आटली. आपाचा मुलगा जालन्यात एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला, तो तिला घेऊन गेला. भट्टी पावसात विरघळली. मी लेकीला घेऊन जालन्याला भेटायला गेले तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं. तिनं चाचपत लेकीचं पोट शोधलं, वाजवलं आणि सुनेला हाक मारली, "डबा आण, जल्दी."

ती गेल्याची बातमी आली तेव्हा मी माहेरी होते. काकू आता ऐंशीच्या घरातली. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "शके, उखळ काढ. पाणी लांब ठेव." मी कुटलं, तिनं वळले. गल्लीतली पोरं बोलावली. त्यात एक गुबगुबीत पोरगी होती, दोन लाडू संपवून ती तिसऱ्याकडे बघत होती. तिची आई ओशाळून म्हणाली, "बास की गं, लाज न्हाई का?"

काकूनं पोरीला मनगटाला धरून जवळ ओढलं. मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि दोन बोटांनी तिच्या पोटावर टकटक केलं.

"रिकामं वाजून राह्यलं," काकू म्हणाली. "बस, बेटा."