मेंढराची कड

राणीच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. संध्याकाळी कळप वाघरात, जाळीच्या कुंपणात, शिरताना एखादं कमी असलं तर तिच्या आईला, भामाबाईला, एका नजरेत कळतं, पण आकडा म्हणून कधी तोंडातून निघत नाही. मोजलं की दृष्ट लागते. फोटोचंही तसंच. म्हसवडच्या पूर्वेला माळावर धनगरांची जेवढी घरं, तेवढ्या घरांत हाच रिवाज. आणि अशा घरातली ही पोर सांगलीत इंजिनिअर झाली आणि मेंढरांचे फोटो काढायचं काम घेऊन बसली.

कुपवाडला सयाजीदादांचा वजनकाटे बनवायचा लहानसा कारखाना. तिथं राणीला नोकरी लागली आणि वर्षाच्या आत तिनं दादांपुढं एक कल्पना ठेवली. माळावर काटा कोण नेणार? त्यापेक्षा मोबाईलनं मेंढराचा फोटो काढावा, शेजारी मापाची काठी धरावी आणि अंगलटीवरून वजन काढावं. म्हणजे बाजारात व्यापाऱ्यानं डोळ्यांनीच वजन ठरवून मेंढपाळाला गप्प बसवायचे दिवस संपतील.

दादांना कल्पना आवडली. अडचण वेगळीच होती. मेंढरू कुठं संपतं आणि माती, बाभळ, शेजारची मेंढी कुठं सुरू होते हे आधी कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. त्यासाठी फोटोवर माणसानं हातानं कड काढून द्यायची, कानावरून, पोटाखालून, चारी पायांभोवतीनं. मोठ्या कंपन्यांकडं असे हजारो फोटो असतात, कड काढायला माणसं असतात. राणीकडं घरचा कळप होता आणि स्वतःचे दोन हात.

"मूठभर फोटोंत कसं भागायचं गं?" दादा म्हणाले.

"मूठभरातच भागवून दाखवते," राणी म्हणाली.

ती हवेत बोलत नव्हती. कुत्री, गाड्या, झाडं, माणसं असं जगभरातलं कायकाय आधीच बघून बसलेलं एक तयार मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरचा शिकून झालेला प्रोग्राम, तिनं घेतलं होतं. कड म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. फक्त मेंढरू शिकवायचं राहिलं होतं. शिकलेल्या माणसाला नवं गाव दाखवावं, तसं. आईनं कुरकुरत का होईना फोटो काढू दिलेल्या घरच्या कळपावर तिनं करून बघितलं तर कड अशी सुबक आली की तिला स्वतःलाच हसू फुटलं.

मग ती म्हसवडच्या बाजारात उतरली. दादाही हौसेनं आले. फोटो काढू द्यायला एकटे बिराप्पा तयार झाले, तेही भामाबाईचे चुलतभाऊ म्हणून. डोक्याला लालभडक फेटा, हातात धरलेलं बकऱ्याचं शिंग, असे ते ऐटीत उभे राहिले. इकडं नर मेंढरालाही बकराच म्हणतात. राणीनं फोटो काढला. भोवती गर्दी वाकली. पडद्यावर कड उमटली, अगदी रेखीव, पण ती बिराप्पांच्या फेट्याभोवती. बकऱ्याला तर कॉम्प्युटरनं विचारलंही नव्हतं.

नानासो व्यापारी पोट धरून हसला. "घ्या! बिराप्पा, तुमचं मुंडकंच बाजारात आलं की! राणे, किती किलो भरलं गं? हाडासकट धरू का सोलून?"

सगळा बाजार हसला. बिराप्पाही हसले, ते राणीला जास्त लागलं. दादा खाली मान घालून बुटाची माती झाडत राहिले. परत जाताना त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या बाजारापर्यंत बघू. न्हाई जमलं तर हे बंद. आपल्या ऑफिसात बिलं करायला माणूस पाहिजेच हाय."

घरी भामाबाईनं पोरीपुढं भाकरी ठेवली आणि तिच्या तोंडाकडं बघत बसली. "राणे, बिलं करणं काय वंगाळ हाय व्हय? पंख्याखाली बसायचं. लोकं हसत्यात गं, मला बघवंना."

"हसू देत. मला फक्त कळू दे, ते फेट्याला का चिकटलं."

ते तिला दुसऱ्या दिवशी कळपात उभं राहिल्यावर कळलं. घरच्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर लाल हुरमुंजाचा पट्टा होता. घराची खूण. जन्मल्यापासून तो तिच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून तिला कधी दिसलाच नव्हता. तिनं कड काढलेल्या एकूण एक फोटोत तो होता आणि कॉम्प्युटर सरळमार्गी विद्यार्थ्यासारखा एवढंच शिकला होता, लाल दिसलं की मेंढरू. बिराप्पांच्या बकऱ्यावर रंगाचा ठिपका नव्हता. लाल होता तो फेटा.

"माझंच चुकलं," ती आईला म्हणाली. पण आवाज रडका नव्हता. चूक सापडली की तिच्या अंगात जोर यायचा.

तिनं जुनेच फोटो पुन्हा घेतले. त्यांतले रंग उलटेपालटे केले, लालचा निळा, निळ्याचा राखी, काही नुसते काळेपांढरे. काही आरशासारखे फिरवले, काही अंधारे केले. कड तीच. एकेका फोटोचे कितीतरी झाले आणि हाताला नवी मेहनत पडली नाही. तरी दुसऱ्यांचे कळप हवेच होते. ते कोण दाखवणार?

ती बिराप्पांच्या तळावर गेली. भामाबाई काळजीपोटी पाठोपाठ आली. बिराप्पांच्या आईनं, बनुबाईनं, लांबूनच हात आडवा केला. "फोटू न्हाई काढायचा. दृष्ट लागती."

"आवं आज्जी," राणी म्हणाली, "नानासो भर बाजारात ह्याच मेंढीच्या पाठीवर हात फिरवतो. दात बघतो, पोट दाबतो आणि तोंडाला येईल ते वजन सांगतो. त्याची दृष्ट लागत न्हाई आणि माझ्या मोबाईलची लागती व्हय?"

बनुबाईचा हात काही खाली येईना. तेव्हा भामाबाई पुढं झाली. दृष्टीवर तिचाही पुरता विश्वास, उलट इतरांपेक्षा जास्तच. "लागली तर माझ्या कळपाला लागू दे. मी बोलले. काढ गं राणे."

"काढ," बनुबाई म्हणाली. "पर मोजू नगंस."

"मोजत न्हाई आज्जी. कड तेवढी काढते."

त्या तळावरून पुढच्या तळावर निरोप गेला. फोटो भरपूर मिळाले, पण सगळ्यांवर हातानं कड काढायला वेळ कुठला? राणीनं आधी कॉम्प्युटरलाच कड काढायला लावली. जिथं तो अडखळला, सावलीतलं पोट, काट्यात गेलेले पाय, तेवढेच फोटो तिनं स्वतः दुरुस्त केले. जिथं त्याला खात्री होती ते त्याचे त्यालाच पुन्हा शिकायला दिले, पण आधी एकेक डोळ्याखालून घालून. खात्री त्याला फेट्याचीही होतीच.

पुढच्या बाजारी नानासो वाटच बघत होता. "आली का फेटेवाली!"

"आले की. बकरा आणा, मामा."

बिराप्पांनी बकरा आणला. नानासोनं पाठीवर हात फिरवला आणि नेहमीसारखं वजन सांगून टाकलं. राणीनं फोटो काढला. कड बकऱ्याच्या कानावरून उतरली, पोटाखालून गेली, चारी पायांना वळसा घालून मिटली. पडद्यावर आलेला वजनाचा आकडा नानासोच्या आकड्याहून बराच वर होता. दादांनी आणलेल्या काट्यावर बकरा चढवला तर काटा राणीच्या आकड्याजवळ थांबला. गर्दी काट्यावर वाकली.

"यंत्रं काय, कशीबी लावता येत्यात," नानासो म्हणाला.

"मग तुमचा काटा आणा, नानासो. थांबते मी."

तो काही हलला नाही. बिराप्पांनी बकऱ्याचं शिंग धरलं आणि बकरा माघारी नेला. "आज देत न्हाई," एवढंच म्हणाले. मागोमाग दुसऱ्यानं आपली मेंढी पुढं ओढली, मग तिसऱ्यानं. एकदा दोन मेंढ्या अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या आणि कॉम्प्युटरनं दोघींना मिळून एकच कड घातली. राणीनं ते लपवलं नाही. मोठ्यानं सांगितलं, त्या सुट्या करून उभ्या केल्या आणि पुन्हा फोटो काढला.

दादा उल्हासात मोबाईल काढत जवळ आले. "राणी, आटपाडीला, जतला, सगळीकडं सांगतो. तयार झालं म्हणून."

"सुटं मेंढरू असेल तर तयार. दोन चिकटून असली तर न्हाई. असंच सांगा, दादा."

"असं कोण सांगतं गं गिऱ्हाइकाला?"

"आमी सांगतो," राणी म्हणाली आणि समोरच्या मेंढीशेजारी काठी उभी धरली.