आतून कडी

आमच्या इंदिरानगरच्या घरी येणारे सुतार अण्णा निपाणीकडचे, बोलण्यात कानडी मिसळलेली. उभ्याने माप घेणं त्यांना मंजूर नाही. ताईला पलंगावर बसायला सांगतात, तिच्या चाकाच्या खुर्चीत स्वतः बसतात आणि हात पोचेल तिथे पेन्सिलीची खूण करतात. मी मध्ये बोलले, तरी विचारतात ताईलाच, "सरी ना, अक्का? बरोबर?" मला रागच यायचा.

कपाट, आरसा, टेबल, सगळं त्यांनी तिच्या हाताशी आणलं. परवा मात्र तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवताना दिसले. मी ओरडलेच, "अण्णा, तिला आत काही झालं तर? म्हणून तर आम्ही कडी काढून टाकली होती!"

"अक्कांनी सांगितली." स्क्रू पिळत ते म्हणाले, "बाहेरून खाचेत नाणं फिरवलं की उघडते. पण आधी दार वाजवायचं, स्वल्प थांबायचं."

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर दार बंद. आत ताई फोनवर कुणाशी तरी खळखळून हसत होती. पंचेचाळीस वर्षांच्या माझ्या बहिणीचं दार मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं.

"स्वल्प थांब गं," आतून आवाज आला.

थांबले.