घंटेखालचा निरोप

भूतबीत, आत्माबित्मा असलं काही मी मानत नाही. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण लिहिते.

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या कॉलनीमागे एक बाग आहे. बागेत घंटेचा जुना दगडी मनोरा. जॉगिंग ट्रॅक त्याच्या कमानीखालूनच जातो. घंटेची दोरी कधीच काढून टाकलीय — लोक येता-जाता ओढायचे आणि आसपासच्यांची झोपमोड व्हायची.

आमचे हे झपाझप चालायचे आणि माझा गुडघा अधू. बरोबर चाललो की भांडण ठरलेलं! म्हणून आम्ही उलट दिशांनी निघायचो आणि कमानीत भेटायचो. हे आधीच पोचून घड्याळ बघत उभे. "मास्तरीणबाई, लेट!" एवढंच म्हणायचे, की पुन्हा आपापल्या वाटेनं.

मागच्या वर्षी हे गेले. मी मात्र माझ्याच दिशेनं चालत राहिले.

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळ होती, पण ऊन होतं अजून. समोरून एक नऊवारीतल्या बाई आल्या. घोटीहून लेकीकडे आलेल्या, बागेत पहिल्यांदाच — हे मला नंतर कळलं. त्यांनी थेट मलाच हटकलं.

"मास्तरीणबाई तुम्हीच ना?"

"हो... का?"

"तुमचं मालक उभं हायेत घंटेखाली. म्हणले, लेट झालं तरी चालंल, पर गुडघा सांभाळून या म्हणावं. लय काळजी करत्यात वो!"

मी धावले. गुडघा गेला खड्ड्यात! कमानीत कोणीच नव्हतं. चारचौघांत "अहो, अहो" करत रडले मी.

मग त्या बाईंना गाठलं, मोबाइलमधला फोटो दाखवला.

"ह्येच की!" त्या म्हणाल्या.

हे गेलेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगावंसंच वाटलं नाही. निदान त्यांच्यापुरते तरी हे आहेत, तर असू देत.

मुलगा म्हणतो, "आई, भास असतो असला." असेल. पण भास मला झालाच नाही ना, झाला तो त्या बाईंना! उत्तर अजून सापडलेलं नाही. भीती मुळीच वाटत नाही, राग मात्र येतो. रोज जाते, कमानीत उभी राहते, वाट बघते... अहो, मी इतकी जवळ असताना निरोप परक्या बाईकडे का दिलात? मला का नाही दिसलात?