उपसलेली विहीर

परवा लोहाऱ्याच्या बाजारात वाळलेले भोपळे दिसले आणि तेरा वर्षांपूर्वीची ती विहीर आठवली. आमच्या दलित वस्तीतली एक बाई तलावावर कपडे धुताना बुडाली होती. काठावर नऊ जणी होत्या, पोहता एकीलाही येत नव्हतं, कारण गावच्या विहिरींत आम्हाला कुणी कधी उतरूच दिलं नव्हतं. मी नोकरीच्या गावी पोहायला शिकलो होतो, म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, तरंगायला पाठीला वाळलेले भोपळे बांधून, माझ्या मुलीसकट वस्तीतल्या सात मुली त्याच्या विहिरीत उतरवल्या. पाणी हिरवं आणि गार होतं, कपारीतली कबुतरं फडफडत वर गेली. “काका, सोडू नका, म्या दगडावानी जाईन!” एक ओरडली. पायरीवर बसलेल्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, “जाशील कशी गं? भोपळा तुझ्यापेक्षा हुशार हाय.” तिसऱ्या दिवशी दोघी भोपळ्याशिवाय तरंगल्या. त्या आनंदात आम्ही वर आलो, तोच मोटार सुरू झाली. पाइपाचं तोंड उसाकडे नव्हतं, कोरड्या ओढ्याकडे होतं. शेतकरी खाली बघत म्हणाला, “घरचे म्हणत्यात, इहीर बाटली. उद्यापास्नं येऊ नका.” मावशींनी विचारलं, “मालक, तुमचं कुत्रं पडलं हुतं, तवा उपसली हुती का?” मोटार साडेचार तास चालली, दोन पुरुष खोल पाणी ओढ्यात गेलं, आणि मुली ओल्या वेण्यांनी बघत उभ्या राहिल्या. तरंगलेल्या दोघींत माझी मुलगी नव्हती. ती पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही, आणि आता स्वतःच्या लेकीला सांगते, पाण्याजवळ जायचं नाही.