दुसरा साक्षीदार

तळोज्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झालेला हरेश दर रविवारी कामोठ्याच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये वाद घालायचा आणि त्याच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. व्हॉल्व्ह आपोआप उघडत नाही, मग एवढं जग आपोआप कसं सुरू झालं, असं तो विचारी. मग हुकमाचं पान टाकी. येशूची रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली. त्या काळी बाईच्या साक्षीला विचारतंय कोण? "बनवाबनवी असती तर चार पुरुष उभे केले असते!" तो ख्रिस्ती झाल्यापासून आगरी भाऊबंद त्याला हळदीला बोलवेनासे झाले, तरी हा पठ्ठ्या त्यांनाही रस्त्यात गाठून हेच ऐकवायचा.

ह्याच वादाला भुलून खारघरचा कल्पेश ख्रिस्ती झाला. हरेशला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं आपली मुलगी, रोशनी, त्यालाच दिली.

वर्षभरात रोशनी माहेरी आली. "बाबा, ते मना मारतात."

"कोनी बघलं?"

"मी सांगते ना!"

"एकाच्या बोलन्यावर दोष ठेवायचा नाय. दोन साक्षीदार लागतात. आपल्या धर्मात तसंच हाय."

खरी गोम वेगळीच होती. आपण पटवलेला माणूस वाईट निघेल कसा? नियम नुसता आडोशाला होता. त्याच संध्याकाळी हा शहाणा तिला रिक्षानं सासरी सोडून आला, वर दोघांसाठी प्रार्थनाही केली. पुढे ती काही बोलली नाही. प्रार्थना फळली, असं त्याला वाटलं.

मग एके दिवशी पनवेलच्या दवाखान्यातून फोन आला. रोशनीचा हात मोडला होता, जबडा सुजला होता. तिला पाहताच हरेशला सगळं कळलं. काय केलं मी हे! देव आहे हे त्याला त्या घटकेलाही सिद्ध करून दाखवता आलं असतं. पण त्या देवाला हाक मारायला जीभ उचलेना.

हवालदारबाई जबाब घ्यायला आल्या.

"बाथरूममध्ये घसरले," रोशनी म्हणाली.

"खोटं हाय, बाई! नवरा मारतो तिला!"

"तुम्ही पाहिलंत?"

"नाय. पोरीनं सांगितलं व्हतं."

"खरं का गं?"

हरेश तिच्या पायाशी बसला. "सांग बाय. मी ऐकतो आता."

"मी यांना कायपन सांगितलं नव्हतं," रोशनी म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.