लेत्तेरिओचं चाळीस मीटर पाणी

माझा भाऊ लेत्तेरिओ चौतीस वर्षं फेरीबोटीवर इंजिनाचा मिस्त्री होता. मेस्सिना बंदर ते सामुद्रधुनीचा पलीकडचा किनारा, दिवसाला आठ खेपा. एवढा समुद्र ओलांडलेला माणूस आमच्या अख्ख्या गांझिर्री गावात नाही, असं लोक म्हणायचे आणि हा मिशीतल्या मिशीत हसायचा.

निवृत्त झाला आणि त्याला नवंच खूळ लागलं. खडकावरून पिळलेलं लिंबू पाण्यात टाकायचं, चाळीसेक मीटरवर दिसेनासं होईपर्यंत ते कुठे वाहत जातं ते घड्याळ लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. चार वर्षं! मी तळ्यातले शिंपले विकते, माझ्या गाड्यावरची लिंबं पळवायचा मेला. मग ते सगळे आकडे त्याने संगणकातल्या एका फुकटच्या जहाजी नकाशाला पाठवले. जगभरचे हौशी लोक मिळून तो बनवतात. नकाशात आमच्या किनाऱ्याला, कोणत्या वेळी पाणी कुठे वाहतं ते दाखवणारा एक बाण उगवला. त्याच्यावर बोट ठेवलं की लेत्तेरिओचं नाव यायचं. ते त्याने पाद्रीबाबांनासुद्धा दाखवलं.

पाठोपाठ एस्तोनियातल्या हेल्वेबाईंचं पत्र आलं. आलेले आकडे तपासायचं काम त्यांच्याकडे. 'तुमचा बाण शेजारच्या सगळ्या बाणांच्या उलटा आहे. चुकून दिशा फिरली का?'

"जिथे धड भरती-ओहोटी नाही, तिथली बाई मला शिकवणार?" लेत्तेरिओ कडाडला. "सान्तीना, तूच बघ. लिंबू उत्तरेला जातंय ना?"

मी बघितलं. जात होतं. मग बाकीचे बाण खोटे? मला काही कळेना. कळत त्यालाही नव्हतं, रात्रंदिवस वह्या चाळत होता, पण कबूल करेल तर शपथ!

"त्या स्तेल्लारिओ होडीवाल्याला विचार ना," मी म्हटलं.

"आता त्याला विचारू? लोक काय म्हणतील मला?"

इथवर ठीक होतं. पण लेत्तेरिओची पोरगी नेरीना त्या सप्टेंबरात सामुद्रधुनी पोहून जाणार होती. दोन हिवाळे तिने गार पाण्यात सराव केला होता. परवाना एकाच दिवसाचा, होडी स्तेल्लारिओची. पलीकडे पोचायला उत्तरेला जाणारं पाणी लागतं, म्हणून त्याने साडेअकराची वेळ काढली. बापाचा बाण म्हणत होता, साडेनऊलाच पाणी उत्तरेला.

"साडेनऊला पाणी दक्षिणेला ओढतं, पोरी," स्तेल्लारिओ म्हणाला.

"बाबा म्हणतात उत्तरेला. मी बाबांच्या वेळेलाच उतरणार."

"अगं, लिंबाला पोहायचं नाहीये, तुला पोहायचंय! बरं बाई, तुझी मर्जी. उचलायला मी आहेच."

साडेनऊला ती उतरली. आम्ही दोघं खडकावर. सुरुवातीला झकास उत्तरेला सरकली. लेत्तेरिओने माझा दंड असा आवळला की वळ उठला. आणि मग तिची पिवळी टोपी दक्षिणेला जायला लागली. हात मारतेय, मारतेय, आणि टोपी आपली दक्षिणेलाच. लेत्तेरिओ एकदा वहीकडे बघे, एकदा पाण्याकडे. "असं कसं? असं कसं गं?" एवढंच चाललं होतं त्याचं. मी काय सांगणार, कप्पाळ! तासाभराने स्तेल्लारिओने तिला होडीत ओढून घेतलं. यंदाचं पोहणं संपलं.

किनाऱ्याला आली तेव्हा तिचे दात वाजत होते. बापाला तिच्याकडे बघवेना.

"बाबा, आधी तुमचंच पाणी होतं," ती म्हणाली. "उत्तरेला ढकलत होतं मला, खरंच. मग एकदम फिरलं."

"फिरणारच," स्तेल्लारिओ म्हणाला. "कडेचं पाणी मधल्या पाण्याच्या उलटं वाहतं. इथलं शेंबडं पोरही सांगेल. मिस्त्री, चौतीस वर्षं तुम्ही बघत काय होता?"

लेत्तेरिओने वही मिटली.

"इंजिन," तो म्हणाला. "खाली खिडकी नसते रे."

कुणी हसलं नाही. नेरीनाने ओल्या हाताने त्याचा हात धरला आणि मला रडूच फुटलं. इतकी वर्षं त्याला मोठा दर्यावर्दी म्हणून मिरवणाऱ्यांत मीही होतेच की.

दुपारी त्याने मला हेल्वेबाईंना उत्तर लिहायला बसवलं. मला वाटलं, बाण काढून टाका म्हणेल. तो म्हणाला, "बाण राहू दे. खाली एवढंच लिही."

मी लिहिलं: 'हे पाणी किनाऱ्यापासून चाळीस मीटरपर्यंतच. त्यापुढचं मी कधी पाहिलेलं नाही.'